दोन हातांचे धातू

गाय रात्री व्याली. वासरू धडधाकट, वार वेळेवर पडली, चीकही भरपूर निघाला. पहाटे धारेला गेलेल्या माणसाला मात्र गाय बसलेली दिसते. शेपटी पिळली तरी उठत नाही. मान एका कुशीकडे वळवून ठेवलेली, कान गार, नाकपुडी कोरडी, डोळ्यांत झापड. नगर जिल्ह्यातल्या तिसगाव, पाथर्डी, शेवगाव या पट्ट्यात संकरित गायींवर घर चालवणाऱ्यांना हे चित्र नवे नाही. फोनवर ‘गाय बसली’ एवढेच सांगितले की जनावरांच्या डॉक्टरांना पुढचे समजते. ते येतात, औषधाची बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेला आणतात, मानेची शीर दाबून फुगवतात, सुई घालतात आणि थेंबाथेंबाने बाटली आत सोडतात. एक कान सतत गायीच्या हृदयाकडे, कारण इथे घाई केली तर हृदय बंद पडू शकते. बाटली संपत येते तशी गाय थरथरते, ढेकर देते, शेण टाकते. मग आधी मागचे पाय सावरते आणि उभी राहते. ज्याने हे एकदा पाहिले तो ते विसरत नाही.

त्या बाटलीत कॅल्शियम बोरोग्लुकोनेट असते, सोबत बहुधा थोडे मॅग्नेशियम. आजाराला दुग्धज्वर म्हणतात, पण त्यात ज्वर नसतो, उलट अंग गार पडते. हिशेब सोपा आहे. दहा लिटर चिकातून वीस ग्रॅमांहून अधिक कॅल्शियम बाहेर जाते. गायीच्या रक्तद्रवात मात्र एका वेळी जेमतेम तीन ग्रॅम फिरत असते. हाडांत किलोंनी साठा असतो, पण तो सोडवून आणायला शरीराला एक-दोन दिवस लागतात आणि तेवढ्या वेळात स्नायू निकामी होतात. स्नायू आखडतो आणि सैल होतो तो कॅल्शियमच्या इशाऱ्यावर. बैठक मारलेल्या पाचशे किलोच्या जनावराला उठवतो तो एका धातूचा काही ग्रॅम अंश.

‘धातू’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येते तांबे, लोखंड, फार तर ॲल्युमिनियमचा टोप. ठोकता येतो, वितळवता येतो, भंगारात विकता येतो तो धातू, अशी आपली समजूत. इथे ज्या सहा धातूंची ओळख करून द्यायची आहे त्यांतले निम्म्याहून अधिक कोणी धातू म्हणून पाहिलेले नसतात. बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि रेडियम ही आवर्तसारणीतल्या दुसऱ्या गणातली भावंडे. शाळेच्या पुस्तकात यांना अल्कधर्मी मृदा धातू म्हणतात. दहावीचा विद्यार्थी हे नाव पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. ज्या फळ्यावर ते नाव लिहिले जाते त्यावरचा खडू जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो. ज्या भिंतीवर फळा टांगलेला असतो तिच्या सिमेंटमध्ये अर्ध्याहून अधिक चुना असतो आणि बाहेरच्या कबड्डीच्या मैदानावर आखलेली रेघ चुन्याच्या फक्कीची असते. हे त्याला क्वचितच कोणी सांगते. या प्रस्तावनेचा सारा खटाटोप तेवढ्यासाठी आहे. या धातूंची ओळख मराठी माणसाला आधीपासून आहे. चुना, निवळी, चुनखडी, चोपण, केवडा, लाल्या, जड पाणी हे सगळे शब्द त्याच ओळखीतले. विज्ञानाचे पुस्तक या शब्दांपासून सुरू झाले पाहिजे.

नावातली ‘मृदा’ जुन्या युरोपीय रसायनज्ञांची. जे पदार्थ भट्टीत घातले तरी वितळत नाहीत आणि पाण्यात फारसे विरघळत नाहीत त्यांना ते सरसकट माती म्हणत. चुना, मॅग्नेशिया, बॅराइटा या अशा ‘मात्या’, आणि त्या पाण्यात कालवल्या तर अल्कासारख्या वागतात म्हणून अल्कधर्मी. लाव्हाझिएने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी केली तेव्हा चुना त्यात मूलद्रव्य म्हणूनच होता, पण या मात्यांच्या पोटात एखादा धातू दडलेला असावा असा त्याचा कयास होता. तो खरा ठरवला हम्फ्री डेव्हीने. १८०८ साली लंडनमध्ये त्याने ओलसर मात्यांमधून विजेचा प्रवाह सोडला, पाऱ्याची मदत घेतली आणि त्या एकाच वर्षात मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम असे चार धातू वेगळे केले. कॅल्शियम हे नाव लॅटिनमधल्या चुन्याच्या शब्दावरून आले आहे, म्हणजे त्याला ‘चुन्यातला’ म्हटले तरी चालेल.

हे धातू मोकळे का सापडत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या बाहेरच्या कवचात आहे. तिथे दोनच इलेक्ट्रॉन असतात आणि ते टाकून द्यायला हे अणू टपलेले असतात. इलेक्ट्रॉन गेले की अणूवर दोन धन प्रभार राहतात. सोडियमवर एक प्रभार, म्हणजे त्याला धरायला एकच हात. कॅल्शियम-मॅग्नेशियमला दोन. दोन हात असले की एकाच वेळी दोघांना धरता येते, एकमेकांपासून सुटे असलेले जोडता येते. पुढे जे काही येणार आहे, घरातल्या वरणाच्या डाळीचा चिवट दाणा असो, चुन्याचा सांधा असो की रानातली ढेकळे असोत, त्याच्या मुळाशी ही दोन हातांची गोष्ट आहे.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात. कसायची ती काळी आणि वसायची ती पांढरी. गावगाड्याचे सगळे जुने व्यवहार या दोन शब्दांत बसत. काळीची माती गर्भगिरीच्या आणि आसपासच्या डोंगरांतल्या काळ्या पाषाणातून झिजून आलेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि दख्खनचे पठार झाले. त्या खडकात शंभर किलोमागे दहा किलोच्या आसपास कॅल्शियम ऑक्साइड आणि पाच-सहा किलो मॅग्नेशियम ऑक्साइड असते. पांढरीची माती माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीने झालेली. चुलीची राख, पडक्या भिंती, हाडे, शेण, चुना असे सगळे तिच्यात मिसळलेले. जुन्या गढीची पांढरी माती धाब्याच्या घरावर अंथरायला नेत, कारण ती चेपली की पाणी सहज आत घेत नाही. काळी निसर्गाने केली, पांढरी माणसाने. कॅल्शियम दोन्हींत आहे.

कोकणात खडक बहुतांशी हाच, पण पाऊस धो धो. तिथे हजारो वर्षे पाणी मुरून कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन गेले, मागे लोहाने तांबडा झालेला जांभा उरला. म्हणून कोकणात चुना करायला समुद्रकाठचे शिंपले भाजत. पाथर्डी तालुक्यात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही लहरीने. एवढे पाणी खडकातले कॅल्शियम विरघळवते खरे, पण धुऊन नेऊ शकत नाही. ऊन पडते, पाणी उडून जाते आणि कॅल्शियम कार्बोनेट मातीतच खड्यांच्या रूपाने गोळा होते. विहिरीचा खड्डा घेताना, नांगरट खोल गेली की हे पांढरे, खडबडीत, बोराएवढे-सुपारीएवढे खडे वर येतात. हीच चुनखडी. दुष्काळाने आपल्या हाताने लिहून ठेवलेली नोंद म्हणावी अशी ही गोष्ट आहे.

या खड्यांनीच देशावरचे वाडे, वेशी आणि घुमट उभे केले. नगरहून तिसगावकडे येताना डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. लोक तिला चांदबिबी महाल म्हणतात, पण ती निजामशाहीतला मंत्री सलाबतखान याची कबर आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरची. त्या काळी एवढे दगड एकमेकांना धरून ठेवायला मुख्य साधन होते, चुना. भट्टीत खाली लाकूड-कोळसा, वर चुनखडी असे थर रचून नऊशे अंशांच्या आसपास उष्णता दिली की खड्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतले की तो फसफसतो, तडकतो, हाताला चटका बसावा इतका तापतो आणि विरतो. विरलेला चुना वाळूबरोबर घाण्यात मळायचा. गोल दगडी चर, त्यात फिरणारे दगडी चाक, जुवाला बैल. अनेक किल्ल्यांवर असे घाणे आजही पडून आहेत. गवंडी त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलाचा गर मिसळत. भिंतीत गेल्यावर हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. भट्टीने जे काढून घेतले ते हवा परत देते. म्हणून चुन्याचा सांधा वर्षानुवर्षे घट्ट होत जातो, आणि म्हणूनच जुन्या वास्तूंच्या डागडुजीत सिमेंट थापणे चुकीचे. सिमेंट कडक असते, ओल आत कोंडते, आणि शेजारचा चुना त्याने सुटा होतो. हे भान जिथे सुटले तिथे वास्तूंचे नुकसान झाले आहे.

चुना भाजण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या लोणारी समाजाने केले. मुंबईतल्या एका रेल्वे स्थानकाला चुनाभट्टी हे नाव आहे ते उगाच नाही. सिमेंट आले आणि गावोगावच्या भट्ट्या विझल्या. सिमेंटला चुनखडकाचे मोठे थर लागतात. ते काळ्या पाषाणाच्या नगर जिल्ह्यात नाहीत, म्हणून राज्यातले मोठे सिमेंट कारखाने दूर चंद्रपूर जिल्ह्यात, घुग्घुस, आवारपूर, गडचांदूर या भागात उभे राहिले.

आता स्वयंपाकघर. बोअरचे पाणी सुरू झाले आणि डाळ शिजेना, ही तक्रार या भागातल्या कुठल्याही सुनेने सासूकडून आणि सासूने शेजारणीकडून ऐकलेली. पुस्तकात या पाण्याला दुष्फेन म्हणतात, कारण त्यात साबणाला फेस येत नाही. घराघरांत त्याला जड किंवा क्षाराचे पाणी म्हणतात. खडकाच्या फटींतून सावकाश झिरपताना पाण्याने कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेतलेले असते. डाळीच्या दाण्याच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने एकमेकींना जोडलेल्या असतात. उकळताना ते सैल पडले की दाणा फुटतो. पाण्यात कॅल्शियम असले तर ते एका हाताने पेक्टिनची एक साखळी धरते, दुसऱ्या हाताने दुसरी, आणि दाणा टणकच राहतो. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकणाऱ्या बाईने रसायनशास्त्र वाचलेले नसेल, पण ती या पकडीवरच घाव घालते. कोहळ्याचा पेठा करणारा हलवाई नेमके उलटे करतो. तो फोडी मुद्दाम चुन्याच्या निवळीत भिजवतो, म्हणजे पाकात उकळल्या तरी त्या विरघळत नाहीत. डाळीला नको असलेला धातू पेठ्याला हवा असतो.

साबणाचेही तसेच. साबणाचे दोन रेणू दोन हातांत धरून कॅल्शियम त्यांचा चोथा करते. बादलीच्या कडेला बसणारा करडा थर हा तो चोथा. पाणी तापवले की त्यातले बायकार्बोनेट मोडते आणि कार्बोनेटची पांढरी पापडी बंबात, गिझरच्या कॉइलवर बसते. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तुरटी फिरवल्याने गढूळ पाणी निवळते, जड पाणी हलके होत नाही. मुळा धरणाचे पाणी मिरी-तिसगाव प्रादेशिक योजनेच्या नळाने येते त्या दिवशी आणि बोअर चालते त्या दिवशी एकाच साबणाने कपडे धुऊन पाहिले तर फरक हाताला कळतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

शेताकडे वळले की हा विषय पोटाशी येतो. मातीत चुनखडी जास्त असली की तिचा सामू चढतो आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. उसाचा, भुईमुगाचा कोवळा पाला पिवळा-पांढरा पडतो. शेतकरी म्हणतो, केवडा पडला. इतके अचूक आणि इतके सुंदर नाव शास्त्राला सुचले नसते. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. तेथील शिफारशींत चुनखडीच्या जमिनीसाठी हिराकस शेणखतात मुरवून देण्याचा उपाय आहे. नुसते मातीत टाकलेले हिराकस चुनखडी गिळून टाकते.

पाथर्डी-शेवगावची कपाशी वेगळे दुखणे सांगते. ऐन बोंडे भरायच्या वेळी पाने कडेने आणि शिरांच्या मधून लाल होत जातात. याला लाल्या म्हणतात. तो एका कारणाने येत नाही. नत्राची कमतरता, थंड रात्री, तुडतुडे, सगळे हातभार लावतात, पण मॅग्नेशियमचा तुटवडा त्यात ठळक असतो. पानाचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्याचा, त्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. बोंडांना अन्न लागले की झाड जुन्या पानांतले मॅग्नेशियम काढून वर पाठवते आणि जुनी पाने आधी रंग टाकतात. जमिनीच्या खडकात मॅग्नेशियम भरपूर असून पीक उपाशी कसे, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की मुळाच्या दारात कॅल्शियमची गर्दी झाली की मॅग्नेशियमला आत शिरायला वाट मिळत नाही. भावाभावांची स्पर्धा पानावर दिसते. मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी म्हणूनच थेट पानाला दिली जाते.

चोपण जमिनीची कहाणी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाची. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांनी उसाचे मळे फुलवले, आणि पाण्याचा निचरा न झाल्याने काही काळ्या जमिनी बिघडल्या. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. त्याला हात एकच, म्हणून तो दोन कण जोडू शकत नाही. कण सुटे होतात, भोके बुजतात, पाणी साचून राहते, वाळल्यावर रान दगडासारखे होते. त्यात जिप्सम घातले की कॅल्शियम सोडियमला उठवून त्याच्या जागी बसते, दोन हातांनी दोन कण धरते आणि माती पुन्हा रवाळ होते. मात्र सुटलेला सोडियम बाहेर नेणारा चर नसेल तर जिप्समचे पैसे वाया जातात. आणि जमिनीत मुळातच चुनखडी असेल तर जिप्समऐवजी गंधक चालते. जिवाणू त्याचे आम्ल करतात, आम्ल चुनखडीला भिडते आणि जिप्सम जागेवरच तयार होते. माती परीक्षण न करता पोती आणून ओतणाऱ्याला हे दोन रस्ते वेगळे आहेत हे कळतच नाही. या पुस्तकी वाटणाऱ्या गोष्टीवर एकरी हजारोंचा हिशेब अवलंबून असतो.

डाळिंबवाल्यांचे बोर्डो मिश्रण सर्वांना ठाऊक आहे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत, धातूच्या नव्हे तर प्लास्टिकच्या, विरघळवून मग एकत्र करायचे. तयार झाले की त्यात घासलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळे तांबे शिल्लक आहे, पाने करपतील, अजून निवळी घाला. थर आला नाही तर फवारा. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षमळ्यांत निघालेले हे औषध आणि विळ्याची ही परीक्षा आज बांधावर अशी रुळली आहे की ती परकी वाटत नाही.

आणि साखर. दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी तालुक्यातून कोयत्यांच्या टोळ्या निघतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, संसाराची बोचकी, पाळण्यातली पोरे. त्यांनी तोडलेल्या उसाचा रस काळपट, आंबूस आणि गढूळ असतो. तो पांढऱ्या दाण्यापर्यंत पोचतो चुन्याच्या जोरावर. गाळलेला रस तापवून त्यात चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर सोडतात. कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटला, रंगाला, मळाला धरून तळाशी बसवते आणि वर नितळ रस राहतो. टनभर उसाला किलो-दोन किलोच्या घरात चुना लागतो. तळाचा गाळ म्हणजे प्रेसमड, जो पुन्हा शेतात खत म्हणून जातो. लोणीजवळचा प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिला. पाथर्डी तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना आहे. दोन्हीकडे प्रत्येक हंगामात हे घडत आले आहे. सहकाराच्या इतिहासात उसाचे, पाण्याचे, पुढाऱ्यांचे नाव आले. चुन्याचे आले नाही.

याच चुन्याची एक वाईट बाजू सांगितली पाहिजे. तळहातावर तंबाखूला चुना चोळतात तो चवीसाठी नव्हे. चुन्याच्या अल्काने तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि गालातून झपाट्याने रक्तात शिरते. तोंडाच्या आतली नाजूक त्वचा त्याच चुन्याने भाजत राहते. राज्यात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तंबाखू-चुना मात्र प्रत्येक टपरीवर आहे. तोंडात पांढरा चट्टा दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, एवढे या पानावर लिहायलाच हवे.

माणसाच्या अंगात किलोभर कॅल्शियम असते, त्यातले नव्याण्णव टक्के हाडांत आणि दातांत. मॅग्नेशियम पंचवीसेक ग्रॅम. शंभर मिली दुधात सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, तर शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास. याच जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरात ती नागली म्हणून पिकते. मॅग्नेशियमने तर बाळंतिणींचे प्राण वाचवले आहेत. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येतात तेव्हा मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. त्यात या साध्या, स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. कपाशीवर फवारतात तेच लवण, अर्थात शुद्ध करून.

उरलेल्या चौघांना थोडक्यात भेटू. स्ट्रॉन्शियमला नाव मिळाले ते स्कॉटलंडमधल्या स्ट्रॉन्शियन या गावावरून. तिथल्या शिशाच्या खाणीतल्या खनिजात ते १७९०च्या सुमारास ओळखले गेले. तिसगावएवढेही नसलेल्या एका गावाचे नाव आवर्तसारणीत बसले आहे. यात्रेच्या रात्री शोभेची दारू उडते तेव्हा लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा आणि डोळे दिपवणारा पांढरा मॅग्नेशियमचा. बेरियमची विरघळणारी लवणे विषारी असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांतल्या बेरियम लवणांवर बंदी घातली, आणि कमी धुराच्या हरित फटाक्यांची सूत्रे नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने तयार केली. मात्र बेरियम सल्फेट पाण्यात विरघळतच नाही, म्हणून एक्स-रेपूर्वी तेच पांढरे दूध रुग्णाला बिनधोक पाजता येते.

रेडियमची पाटी तर प्रत्येक नाक्यावर आहे. नंबरप्लेट, ट्रॉलीच्या मागची लाल-पिवळी पट्टी, ‘रेडियम आर्ट’ची दुकाने. त्या पट्टीत रेडियमचा कणही नाही, ती फक्त समोरचा उजेड परत फेकते. खरे रेडियम क्युरी दांपत्याने १८९८ साली शोधले. त्याच्या किरणोत्साराने चमकणारा रंग तयार करत. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रंगवणाऱ्या तरुण मुली कुंचल्याला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरत. रेडियम कॅल्शियमचे भावंड, त्यालाही दोन हात. शरीराने त्याला कॅल्शियम समजून हाडांत बसवले आणि त्या मुलींचे जबडे झिजून पडले. अणुचाचण्यांच्या काळात स्ट्रॉन्शियम-९० असेच दुधातून लहान मुलांच्या दातांत पोचले होते. ज्या ओळखीवर शरीर विसंबून असते तीच इथे फसवते. उसाच्या ट्रॉलीची पट्टी मात्र जरूर लावावी, तिने अंधारात जीव वाचतात.

सहावा बेरिलियम, भावंडांत अणुभाराने सर्वांत हलका आणि वागायला सर्वांत वेगळा. त्याची धूळ फुप्फुसाला घातक. अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीचे अठरा आरसे या धातूचे आहेत. त्याचे नाव मात्र आपल्याकडून गेले. संस्कृतात वैडूर्य, प्राकृतात वेरुलिय, ग्रीकांच्या तोंडी बेरिलोस, त्यावरून बेरिल हे रत्न आणि त्यावरून धातू. पाचू हे बेरिलचेच हिरवे रूप. तिसगावहून शेवगावमार्गे पुढे गेले की पैठण लागते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने पैठणचे मौल्यवान खडे गाड्यांवरून भडोच बंदराला जातात अशी नोंद करून ठेवली आहे. खड्यांबरोबर शब्दही बंदरे ओलांडत.

पुढच्या प्रकरणांत हे सहाही धातू सविस्तर येतील. त्याआधी वाचकाने एक करावे. बांधावरचा किंवा विहिरीच्या मलब्यातला पांढरा खडा घरी आणावा, बत्त्याने कुटून त्याची पूड करावी आणि तिच्यावर अर्धे लिंबू पिळावे. बारीक बुडबुडे उठले तर ती चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट. काहीच झाले नाही तर ती गारगोटी असेल, दुसरा खडा शोधावा.